एका जागेसाठी एक पत्र

नोकरीसाठी उमेदवाराकडून जी कागदपत्रे मागवली जातात, त्यांत वरवर सारखे वाटणारे परंतु कामाने अगदी वेगळे असे तीन प्रकार असतात. पहिला प्रकार म्हणजे छापील किंवा ऑनलाइन अर्ज, ज्यात ठरलेले रकाने भरून पात्रता दाखवायची असते; दुसरा बायोडाटा, म्हणजे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये यांची सलग नोंद; आणि तिसरा कव्हर लेटर, म्हणजे त्या नोंदीसोबत जाणारे आणि ती एका विशिष्ट जागेशी जोडून दाखवणारे सुमारे एक पानाचे पत्र. बायोडाटा उमेदवाराविषयी असतो, त्यामुळे तो दहा ठिकाणी जवळपास जसाच्या तसा पाठवता येतो. कव्हर लेटर उमेदवार आणि जागा यांच्यातील संबंधाविषयी असते, म्हणून जागा बदलली की तेही बदलावे लागते, आणि ज्या पत्रात कंपनीचे नाव बदलून बाकी मजकूर तसाच ठेवता येतो ते पत्र खरे तर बायोडाटाचीच गद्यात केलेली पुनरुक्ती असते.

असे पत्र सर्वत्र लागते असे नाही. जेथे निवड मुख्यतः परीक्षेतील गुणांवर आणि प्रमाणपत्रांच्या पडताळणीवर होते, उदाहरणार्थ महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षांत किंवा पवित्र पोर्टलवरून होणाऱ्या शिक्षक भरतीत, तेथे उमेदवाराने पत्रातून स्वतःविषयी युक्तिवाद करण्याला मुळात वावच ठेवलेला नसतो, आणि निष्पक्षतेच्या दृष्टीने ते योग्यही आहे. याउलट खाजगी कंपनी, स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, वृत्तपत्र, रुग्णालय किंवा वास्तुविशारदाचे कार्यालय येथे पात्रतेची अट पुरी करणारे अनेक जण असतात आणि त्यांतून कोणाला बोलवायचे हे कोणीतरी माणूस आपल्या अंदाजाने ठरवतो. त्या अंदाजाला आधार देणे, एवढेच कव्हर लेटरचे काम आहे. पात्रता पुरेशी आहे की नाही हा प्रश्न बायोडाटा सोडवतो. याच जागेसाठी हाच उमेदवार का, हा प्रश्न पत्रावर सोपवलेला असतो.

मराठी उमेदवाराला ही गोष्ट अवघड जाते, त्याचे एक कारण पत्रलेखनाच्या परंपरेत आहे. पेशवेकालीन पत्रव्यवहारात मायना, म्हणजे पत्राच्या आरंभीचा संबोधनाचा भाग, लिहिणारा आणि वाचणारा यांच्या दर्जातील अंतरावरून ठरत असे. बरोबरीच्या माणसाला ‘साष्टांग नमस्कार विनंती’, वरिष्ठाला ‘विज्ञापना’, आणि मोठ्या पदावरील व्यक्तीसाठी बिरुदांची लांबलचक माळ. इंग्रजी अमलात या शिष्टाचारावर दुसरा थर चढला, तो सरकारी कचेऱ्यांत रुळलेल्या इंग्रजी विनंती-अर्जाचा, ज्यात अर्जदार स्वतःला आज्ञाधारक सेवक म्हणवून घेई आणि मेहेरबानीची याचना करी. शाळेत शिकवला जाणारा ‘प्रति, विषय, संदर्भ, महोदय, आपला विश्वासू’ हा साचा या दोहोंचा आटोपशीर वारस आहे. रजा मागण्यासाठी, दाखला मिळवण्यासाठी, नळाला पाणी येत नाही हे नगरपालिकेला कळवण्यासाठी तो उत्तम आहे, कारण त्या सर्व प्रसंगी अर्जदाराची गरज हाच पत्राचा विषय असतो. नोकरीच्या पत्रात मात्र विषय समोरच्याची गरज हा असतो, आणि साचा तोच राहिल्यामुळे पत्र नकळत याचनेकडे झुकते: घरची परिस्थिती, वडिलांचे निवृत्त होणे, नोकरीची असलेली निकड, संधी दिल्यास सोने करून दाखवण्याचे आश्वासन. यातील नम्रता हा दोष नव्हे. दोष हा की, एवढे वाचूनही वाचणाऱ्याच्या हाती उपयोगाची माहिती काहीच येत नाही.

जुन्या विनयशील साच्यात राहूनही पत्र नेमके कसे होऊ शकते, याचे भारतीय उदाहरण गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांच्या दोन पत्रांत सापडते. या दोन पत्रांत एका वर्षाहून कमी अंतर आहे, दोन्हींचा लेखक एकच आहे, आणि तरीही ती एकमेकांच्या जागी पाठवता आली नसती.

पहिले पत्र ९ फेब्रुवारी १९१२ चे, मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना उद्देशून लिहिलेले. कार्यालयात कारकुनाची जागा रिकामी असल्याचे कळले म्हणून अर्ज करत आहे, मॅट्रिक उत्तीर्ण झालो असून एफ.ए.पर्यंत, म्हणजे त्या काळच्या महाविद्यालयीन पहिल्या टप्प्यापर्यंत, शिक्षण झाले आहे, काही प्रतिकूल कारणांमुळे पुढे शिकता आले नाही, मात्र सर्व वेळ गणितात घालवला आहे आणि नेमणूक झाल्यास काम नीट करू शकेन असा विश्वास आहे, इतकाच त्याचा आशय आहे. रामानुजन एफ.ए.च्या परीक्षेत नापास झाले होते. गणिताखेरीज इतर विषयांकडे त्यांचे लक्षच नव्हते. पत्रात ही गोष्ट खोटी सांगितलेली नाही, तिचे रडगाणेही नाही आणि लांबण लावलेले स्पष्टीकरणही नाही. तिला एक वाक्य दिले आहे आणि लगेच पुढचे वाक्य ज्यात बळ आहे त्याकडे वळले आहे. अनंत श्रेणी, सतत अपूर्णांक, आपल्या वह्यांतील सूत्रे यांचा पत्रात मागमूस नाही, कारण हिशेबाच्या खात्याला त्यांचा उपयोग नव्हता.

या अर्जासोबत प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक ई. डब्ल्यू. मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र होते, आणि तेही या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. रामानुजन यांची गणिती बुद्धी असामान्य आहे हे सांगून ते तेथे थांबत नाही, तर आकडेमोडीत हा तरुण स्वाभाविकपणे निपुण आणि अतिशय जलद आहे, असे नमूद करते. गणितातील प्रतिभेपेक्षा आकडेमोडीचा वेग ही अर्थातच कितीतरी लहान गोष्ट होती. पण लेखापालाला नेमकी तीच हवी होती. रामानुजन १ मार्च १९१२ पासून दरमहा ३० रुपयांवर कामाला लागले. हे श्रेय एकट्या पत्राला देणे चुकीचे ठरेल, कारण नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्र राव यांच्यासारख्या हितचिंतकांचे वजनही त्यामागे होते, आणि ओळखीने दार उघडण्याची रीत तेव्हाही होती, आताही आहे. परंतु उघडलेल्या दारातून आत जाताना हातात काय धरले होते, ते पाहणे शिकण्याजोगे आहे.

दुसरे पत्र १६ जानेवारी १९१३ चे, केंब्रिजचे गणितज्ञ जी. एच. हार्डी यांना लिहिलेले. ते नोकरीचा अर्ज नव्हते, तरी अनोळखी आणि अधिकारी वाचकाला आपली दखल घ्यायला लावणे हे दोन्हींचे काम एकच. त्याआधी केंब्रिजमधीलच एच. एफ. बेकर आणि ई. डब्ल्यू. हॉब्सन या गणितज्ञांकडे केलेला प्रयत्न वाया गेला होता. हार्डी यांना लिहिलेल्या पत्राची सुरुवात साध्या परिचयाने होते: पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यातील कारकून, पगार तुटपुंजा, विद्यापीठाचे शिक्षण नाही, फावल्या वेळात गणित. मात्र त्यानंतर पत्र थेट हार्डी यांच्या स्वतःच्या लेखनाला हात घालते. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑर्डर्स ऑफ इन्फिनिटी’ या त्यांच्या पुस्तिकेतील ३६ व्या पानावर, दिलेल्या संख्येपेक्षा लहान अशा मूळ संख्या किती असतात यासाठी निश्चित सूत्र अजून सापडलेले नाही, असा उल्लेख होता. रामानुजन यांनी तोच उल्लेख पकडून, आपल्याला असे सूत्र मिळाले आहे ज्यातील त्रुटी नगण्य आहे, असे लिहिले. सोबत सुमारे १२० प्रमेये जोडली.

या पत्रातील विशेष असा की, लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचे काम आधी वाचले होते, त्या कामात कोठे जागा मोकळी आहे हे हेरले होते आणि आपला पुरावा त्या मोकळ्या जागेच्या शेजारी ठेवला होता. मूळ संख्यांविषयीचा त्यांचा दावा पुढे सदोष ठरला, हेही सांगायला हवे. तरीही पत्र टिकले, कारण दाव्याच्या मागे तपासून पाहता येईल असे बरेच काही होते, आणि हार्डी यांना ज्यांनी थक्क केले ती सतत अपूर्णांकांची सूत्रे त्याच कागदांत होती. ८ फेब्रुवारी १९१३ रोजी हार्डी यांनी जे उत्तर लिहिले त्यात उत्सुकता होती आणि सिद्धता पाठवण्याची मागणीही होती.

आजच्या उमेदवाराच्या हाती हार्डी यांची पुस्तिका नसते, नोकरीची जाहिरात असते. आणि विशिष्ट जागेसाठी पत्र लिहिणे म्हणजे बव्हंशी जाहिरात नीट वाचणे होय. ही जाहिरात सहसा दोन जणांनी मिळून घडवलेली असते. पात्रता, वय, ठिकाण आणि ‘संवादकौशल्य आवश्यक’ यांसारखी वाक्ये मनुष्यबळ विभागाच्या, म्हणजे ज्याला सर्वत्र एचआर म्हणतात त्या विभागाच्या, नेहमीच्या साठ्यातून येतात. आणि कामाचे तपशील ज्या विभागात माणूस हवा आहे त्याच्या प्रमुखाकडून येतात. पहिल्या प्रकारची वाक्ये सगळ्या जाहिरातींत सारखीच असतात, म्हणून त्यांना पत्रातून उत्तर देण्यात अर्थ नसतो. दुसऱ्या प्रकारच्या वाक्यांत त्या विभागाची खरी अडचण दडलेली असते. ती ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत: कोणता तपशील सर्वांत आधी आला आहे, कोणती गोष्ट निराळ्या शब्दांत दोनदा आली आहे, आणि एरवी न लिहिली जाणारी कोणती गोष्ट येथे मुद्दाम लिहिली आहे.

समजा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतील एका औषध कंपनीला गुणवत्ता नियंत्रण विभागात सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हवा आहे, आणि जाहिरातीत पाणी व पर्यावरण निरीक्षण, एक ते तीन वर्षांचा अनुभव, जीएमपीचे ज्ञान, नोंदी ठेवण्यातील अचूकता, तीन पाळ्यांत काम करण्याची तयारी आणि ऑडिटचा अनुभव असल्यास प्राधान्य, एवढे लिहिले आहे. पर्यावरण निरीक्षण याचा येथील अर्थ नद्या आणि जंगले यांच्याशी संबंधित नाही. औषध बनते त्या खोल्यांतील हवा, पृष्ठभाग आणि कामगारांचे हातमोजे यांवर किती सूक्ष्मजीव आहेत हे नियमाने तपासणे म्हणजे पर्यावरण निरीक्षण. जीएमपी म्हणजे चांगल्या उत्पादनपद्धतीचे नियम, जे भारतात औषध नियम, १९४५ मधील ‘शेड्यूल एम’ने बंधनकारक केले आहेत. यातले काही मुलाखतीला जाणाऱ्या कोणत्याही पदवीधराला ठाऊक असते. पण ‘नोंदी’ आणि ‘ऑडिट’ हे दोन शब्द एकाच जाहिरातीत का आले, याचा विचार थोडेच करतात. २०१० नंतरच्या दशकात अनेक भारतीय औषध कंपन्यांना अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ताकीदपत्रे दिली ती औषधातील दोषांइतकीच नोंदींच्या अविश्वसनीयतेवरून: मागाहून भरलेल्या तारखा, पुसलेले निष्कर्ष, दुसऱ्याच्या नावाने केलेल्या सह्या. त्यातून या उद्योगात अल्कोआ या नावाने ओळखली जाणारी पंचसूत्री घट्ट झाली, जिच्यानुसार नोंद कोणी केली हे कळले पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, काम होत असतानाच केलेली असली पाहिजे, मूळ असली पाहिजे आणि अचूक असली पाहिजे. ही पार्श्वभूमी माहीत असलेल्या उमेदवाराला जाहिरातीमागची चिंता दिसते: विभागाला चाचणी करणारे हात हवेतच, पण परदेशी निरीक्षक समोर उभा असताना जिची वही निःशंक उघडता येईल अशी व्यक्ती त्याहून जास्त हवी आहे.

आता उमेदवाराची बाजू. एम.एस्सी. झालेली, नाशिकमधील पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत चौदा महिने काम केलेली, औषध कंपनीचा अनुभव नसलेली तरुणी, असे गृहीत धरू. तिच्यासारख्यांची बहुसंख्य पत्रे पुढील वळणाने जातात: ‘मी मेहनती, प्रामाणिक आणि शिकण्याची आवड असलेली उमेदवार असून आपल्या नामांकित कंपनीत संधी मिळाल्यास माझे सर्वोत्तम योगदान देईन.’ या वाक्यात खोटे काही नाही, पण ते बँकेला, शाळेला किंवा सिमेंटच्या कारखान्यालाही पाठवता येते. जाहिरात वाचून लिहिलेल्या पत्राचा मधला परिच्छेद साधारण असा होईल (त्यातील एनएबीएल म्हणजे चाचणी प्रयोगशाळांना मान्यता देणारे राष्ट्रीय मंडळ):

‘आपल्या जाहिरातीत पाणी तपासणीचा उल्लेख सर्वांत आधी आहे. गेले चौदा महिने नाशिकमधील एनएबीएल-मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत मी हेच काम करते आहे. दररोज साधारण पंचवीस नमुन्यांची एकूण जिवाणूसंख्या व कोलिफॉर्म चाचणी, त्यासाठी लागणारी माध्यमे तयार करणे आणि ऑटोक्लेव्हच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे ही माझी जबाबदारी आहे. हे पाणी पिण्याचे असते, औषधनिर्मितीचे नव्हे; तेथील माध्यमे आणि मर्यादा वेगळ्या आहेत याची मला जाणीव आहे, मात्र नमुना घेतानाची निर्जंतुक शिस्त आणि मेम्ब्रेन गाळणीची पद्धत मला नवी नाही. मागील एनएबीएल तपासणीत माध्यमांच्या नोंदवह्या तपासनिसांना दाखवण्याचे काम माझ्याकडे होते आणि त्या वह्यांवर एकही हरकत निघाली नाही.’

या परिच्छेदात उमेदवाराचा एकही गुण विशेषण लावून सांगितलेला नाही. प्रामाणिकपणा, काळजीपूर्वक काम करण्याची सवय, दडपणाखाली न गडबडणे हे सर्व नोंदवहीच्या एका वाक्यातून वाचणाऱ्याने स्वतः काढायचे आहे, आणि माणूस स्वतः काढलेल्या निष्कर्षावर दुसऱ्याने सांगितलेल्यापेक्षा अधिक विश्वास ठेवतो. आकडे आहेत, परंतु मोजके. सर्वांत धाडसाचे वाक्य मात्र चौथे आहे, ज्यात उमेदवाराने आपली उणीव स्वतःहून दाखवली आहे. ती विभागप्रमुखाच्या लक्षात येणारच असते. ती आधीच मान्य केल्याने एक म्हणजे लपवाछपवीचा संशय जातो, आणि दुसरे म्हणजे फरक नेमका कोठे आहे हे उमेदवाराला कळते, याचा पुरावाच मिळतो. तिने महाविद्यालयात केलेला बुरशीवरील प्रकल्प, वक्तृत्वातील बक्षीस आणि संगणकाचा अभ्यासक्रम येथे आलेला नाही. ते बायोडाटात आहेत आणि तेथेच असावेत. काय गाळायचे हे ठरवणे लिहिण्यापेक्षा जास्त वेळ खाते. (अशी पत्रे औषध उद्योगात प्रत्यक्षात बहुधा इंग्रजीतच जातात; पत्राची भाषा जाहिरातीच्या भाषेवरून ठरवावी, हा साधा नियम आहे, आणि मराठी वृत्तपत्र, मराठी माध्यमाची शाळा किंवा ग्रामीण भागात काम करणारी संस्था असेल तर मराठीत लिहिलेले नीटस पत्र हीच एक पात्रता ठरते.)

या परिच्छेदाच्या आधी दोन-तीन वाक्यांत कोणत्या जागेसाठी आणि कोठे पाहून अर्ज केला हे यावे, नंतर कंपनीविषयी एखादी अशी गोष्ट यावी जी तिच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानापलीकडची आहे, आणि शेवटी कधी रुजू होता येईल, सध्याच्या नोकरीतील नोटिशीचा काळ किती, पाळ्यांत काम करणे शक्य आहे का, यांसारख्या विचारलेल्या गोष्टींची सरळ उत्तरे यावीत. पगाराचा विषय जाहिरातीने विचारला नसेल तर पत्रात काढू नये. कंपनीच्या स्तुतीबाबत हात आखडताच बरा; ‘आपली कंपनी या क्षेत्रातील अग्रगण्य आहे’ हे कंपनीला उमेदवाराकडून कळण्याची गरज नसते.

रिकाम्या वर्षांचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष नाजूक आहे, कारण त्याला एक मोठे सामाजिक कारण आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकांपासून जिल्ह्याच्या गावांतील वाचनालयांपर्यंत हजारो पदवीधर स्पर्धा परीक्षांच्या तयारीत तीन, चार, कधी सहा-सात वर्षे घालवतात आणि त्यांतील बहुतेकांना अखेर खाजगी नोकरीकडे वळावे लागते. बायोडाटात या वर्षांच्या जागी पोकळी दिसते. उमेदवार ती एकतर लपवतो, म्हणजे कोठल्यातरी ओळखीच्या दुकानातील अनुभव दाखवतो, किंवा तिच्याविषयी पानभर लिहितो. दोन्ही मार्ग वाईट आहेत, पहिला तर धोक्याचाच, कारण नेमणुकीनंतरच्या पडताळणीत तो उघडा पडू शकतो. भरती करणाऱ्याला अपयशाची फारशी चिंता नसते, कारण या परीक्षांतील स्पर्धा किती तीव्र आहे हे त्यालाही ठाऊक असते; त्याची चिंता अशी असते की, पुढची जाहिरात निघाली की हा माणूस अभ्यासाला निघून जाईल. म्हणून ‘२०२१ ते २०२४ या काळात मी राज्यसेवा परीक्षेची तयारी केली, दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचलो, अंतिम निवड झाली नाही आणि आता तो प्रयत्न थांबवला आहे’ या वाक्यात शेवटचा तुकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. अर्थात तो खरा असेल तरच लिहावा. त्यापुढे त्या तयारीतून मिळालेली एखादी जागेशी संबंधित गोष्ट, जसे शासकीय योजनांचे आणि प्रशासनाच्या रचनेचे ज्ञान, जी ग्रामविकासात काम करणाऱ्या संस्थेला खरोखर हवी असते, ती एका वाक्यात सांगून विषय संपवावा. बाळंतपणानंतर किंवा घरच्या आजारपणामुळे काही वर्षे बाहेर राहिलेल्या स्त्रियांनाही हीच पद्धत लागू पडते: कारण एका वाक्यात, क्षमायाचना नाही, आणि मधल्या काळात क्षेत्राशी संबंध कसा ठेवला याचा एखादा तपासता येईल असा दाखला.

पत्र कोण वाचते, याविषयी अलीकडे बराच गोंधळ झाला आहे. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी छाननीच्या संगणक प्रणालींत जातात, ज्या उमेदवारांची माहिती साठवतात आणि जाहिरातीतील शब्दांशी जुळवून शोधू देतात. त्यामुळे जाहिरातीत ‘मेम्ब्रेन गाळणी’ असेल तर पत्रात आणि बायोडाटात तोच शब्द वापरावा, त्याचा पर्याय शोधून शैलीचा प्रत्यय देऊ नये. परंतु शब्द कोंबलेले पत्र पुढे माणसाच्या हाती पडते तेव्हा हास्यास्पद ठरते. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी लिहिलेल्या पत्रांचेही तसेच आहे. ती गुळगुळीत असतात, व्याकरणात चुकत नाहीत, आणि एकाच जाहिरातीला आलेली अशी चाळीस पत्रे ओळीने वाचणाऱ्याला ती एकाच माणसाने लिहिल्यासारखी वाटतात. साधनाला नाशिकची प्रयोगशाळा आणि ती नोंदवही ठाऊक नसते. ते तपशील आधी स्वतः लिहून काढले, तर भाषेवरून हात फिरवण्यासाठी साधनाचा उपयोग करण्यात गैर काही नाही.

पत्राचे महत्त्व देशागणिकही बदलते. जर्मनीत त्याला अनश्रायबेन म्हणतात, व्यावसायिक पत्रांच्या मांडणीसाठी तेथे डीआयएन ५००८ हे मानक आहे, आणि विषयाची ओळ कोठे यावी यासारख्या बाबींकडेही लक्ष दिले जाते. तरीही २०१८ साली जर्मन रेल्वेने, म्हणजे डॉइचे बानने, प्रशिक्षणार्थींच्या अर्जासाठी या पत्राची अट काढून टाकण्याचे जाहीर केले, कारण शाळा नुकतीच संपवलेल्या मुलांना त्या पत्राचीच धास्ती वाटून ती अर्ज करत नसल्याचे दिसत होते. या निर्णयात तथ्य आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाकडे सांगण्याजोगा अनुभव नसतो आणि त्याच्याकडून पत्र मागणे म्हणजे त्याच्या पालकांच्या लेखनकौशल्याची परीक्षा घेणे. २०२४ साली महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याबाबत करार केल्यापासून परिचारिका, वीजतंत्री, वाहनचालक अशा कामांसाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्यांत या पत्राविषयी कुतूहल वाढले आहे. त्यांनी लक्षात ठेवायची गोष्ट ही की, तिकडचा वाचक भाषेचा स्तर, प्रशिक्षणाचा कालावधी आणि रुजू होण्याची तारीख या गोष्टी पत्रात शोधतो, आणि आपल्याकडे सौजन्याचा भाग वाटणारी आदरार्थी प्रस्तावना तिकडे निव्वळ अडथळा ठरते.

पाठवण्याच्या तांत्रिक बाजूवर फार लिहिण्यासारखे नाही. पीडीएफ असावी, फाइलच्या नावात उमेदवाराचे नाव आणि पद असावे, ईमेलच्या विषयाच्या ओळीत जाहिरातीचा क्रमांक असावा, आणि नाव ठाऊक नसेल तर ‘मा. विभागप्रमुख’ एवढे संबोधन पुरते. सर्वाधिक घडणारी चूक मात्र हास्यास्पद वाटली तरी खरी आहे: जुन्या पत्रावरून नवे तयार करताना आधीच्या कंपनीचे नाव कोठेतरी मधल्या परिच्छेदात शिल्लक राहते.

पाठवलेल्या प्रत्येक पत्राची प्रत, ज्या जाहिरातीला उद्देशून ते लिहिले त्या जाहिरातीसह, जपून ठेवावी. मुलाखतीचे बोलावणे कधी दोन महिन्यांनी येते, तोपर्यंत जाहिरात संकेतस्थळावरून काढलेली असते, आणि मुलाखत घेणाऱ्याच्या हाती मात्र पत्र असते. नोंदवह्यांवर एकही हरकत निघाली नाही असे लिहिणाऱ्या उमेदवाराला पहिला प्रश्न त्या नोंदवहीत काय काय लिहिले जात होते, हाच विचारला जातो.